बिऱ्हाडगाडीचा बेत

अहो, तुमच्या बिऱ्हाडगाडीला गिऱ्हाईक आलंय. तुम्हाला जाऊन आज महिना झाला, आणि तळेगावच्या भाऊजींनी निरोप धाडलाय की घाटमाथ्यावर चहाचं दुकान टाकणारा एक जण ती घ्यायला तयार आहे. शनिवारी बघायला येतो म्हणे. वहिनींनी भावनेच्या भरात नाही म्हणू नये, असंही वर सांगितलंय तुमच्या धाकट्या भावानं. ऐकलंत? इतकी वर्षं मी लोणावळ्याच्या पोरींना शुद्धलेखन शिकवतेय. मला भावनेचा भर येतो हे यांना कुणी सांगितलं?

पण खरं सांगू, आलाय. हे मी गाडीतच बसून लिहितेय, तुम्ही केलेल्या पलंगावर, तुम्ही केलेलं दुमडतं मेज पुढ्यात ओढून. खिडकीतून तुमचा मोटारदुरुस्तीचा कारखाना दिसतो. तुमचे जोडीदार धोंडीभाऊ कुणाच्यातरी मोटारीखाली शिरलेत, नुसते पाय बाहेर आहेत. शनिवारपर्यंत मला ठरवायचंय, की गाडी त्या चहावाल्याच्या हवाली करायची, की ज्यासाठी तुम्ही ती बांधलीत तिकडे, धरमतरच्या खाडीपलीकडे, न्यायची. मधे चार दिवस आहेत. एवढ्यात तुमच्याशी बोलून घेते.

याची सुरुवात तुम्हाला पाठ आहे, तरी मला पुन्हा सांगू द्या. मुंबईकडून घाट चढून आलेल्या मोटारी तुमच्या दारात यायच्या त्या धापा टाकत, नाकातोंडातून वाफ सोडत. तुम्ही त्यांना थांबवायचं, निववायचं, पाणी पाजायचं आणि पुण्याच्या वाटेला लावून द्यायचं. एके दिवशी एका साहेबाची गाडी आली. तिच्या पाठीवर खोलीच होती. आत पलंग, खिडकीला पडदा, भांडी लावायला फळी. त्या दिवशी तुम्ही जेवायला बसलात आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलात. माझा शाळेचा खडू घेतलात आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर घर काढलंत, त्याला चार चाकं काढलीत. मी म्हटलं, हे काय, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर? मला वाटलं, हसाल. तुम्ही हसला नाहीत.

"वीस वर्षं लोकांना वाटेला लावून देतोय," तुम्ही म्हणालात. "आपण कधी निघायचं?"

आपण कधी कुठं गेलोच नव्हतो. तुमचं गाव टाकवे, माझं माहेर इंदुरी, आणि संसार लोणावळ्यात. एक चुकून केलेली पुण्याची फेरी सोडली तर आपलं सगळं जग बैलगाडीच्या टप्प्यातलं होतं.

घाटात कलंडून गंजत पडलेली एका लॉरीची चासी तुम्ही बघून ठेवली होतीत. ती वर ओढायला धोंडीभाऊंनी टाकव्याहून दोन बैलजोड्या आणल्या. तुमच्याच गावचे, तुमच्याच वयाचे, शेती धाकट्या भावांवर टाकून तुमच्याबरोबर कारखान्यात राबणारे धोंडीभाऊ. रानात वाघराचा माग काढत एकटे हिंडणारे. तो सांगाडा अंगणात आला तेव्हा मला तो मेलेल्या म्हशीसारखा दिसला, आणि तसं मी बोललेही. तुम्ही दोघांनी मनावर घेतलं नाही. चार महिने नुसते पुसत होतात, घासत होतात, कुठलं काय कुठं बसवत होतात. मग एका सकाळी मी वेणी घालत असताना अंगणात ते इंजिन बोललं. अहो, मी तशीच अर्ध्या वेणीनं बाहेर धावले. जे मेलं होतं ते थरथरत होतं, धूर सोडत होतं, जिवंत होतं. धोंडीभाऊ नारळ फोडायला दगड शोधत होते आणि तुम्ही डोळे पुसत होतात, ग्रीसच्या हातांनी. मी आयुष्यात पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण अंगावर तसा काटा कधी आला नाही.

कुठं जायचं, याचा बेत मी माझ्या अंगावर घेतला. शाळेतला नकाशा घरी आणला. तुम्ही बोट ठेवलंत ते थेट निळ्या रंगावर. थंडीत सकाळी कड्यावरून लांब खाली काहीतरी चकाकतं ना, तुमचं म्हणणं तो समुद्र, माझं म्हणणं ती मिठागरं. किती वर्षं भांडलो आपण त्या चकाकीवरून. शेवटी तुम्ही म्हणालात, जाऊनच बघू. मी वहीत लिहून काढलं. पहिला दिवस घाट उतरून खोपोली, मुक्काम पेण. दुसरा दिवस धरमतर. तिथं रस्ता संपतो आणि खाडी लागते. मोटारीला पलीकडे न्यायला सांगड असते, म्हणजे दोन मोठ्या होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या. मोटार फळ्यांवर चढवायची आणि भरतीच्या पाण्यावरून तांडेल ती पलीकडे नेतो. पलीकडे अलिबागचा रस्ता आणि मग उघडा समुद्र. हे तुम्ही मला इतकं रंगवून सांगितलंत, की मी नुसती बघत राहिले.

आणि मग ती दोरी. सांगडीवरच, चढायच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंना जाड खुंटे असतात, त्यांच्यामधून गाडी गेली पाहिजे. म्हणून तुम्ही तिथल्या पांडू तांडेलांना पोस्टकार्ड घातलंत, की खुंट्यांमध्ये किती फूट किती इंच जागा आहे. पत्राचं उत्तर आलं नाही, पेणच्या मिठाच्या लॉरीतून दोरी आली. तांडेलांचा फुटा-इंचांवर विश्वास नव्हता. खुंट्यापासून खुंट्यापर्यंत दोरी ताणून त्यांनी दोन्हीकडे गाठी मारल्या होत्या. पण दोरी आली ती आषाढात. आषाढातलं आपलं लोणावळं! बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, काडेपेटी उशाला घेऊन झोपलं तरी काडी पेटत नाही. दोरी चिंब होऊन आली आणि चिंबच राहिली. तुम्ही दोघांनी कारखान्याच्या भिंतीवर त्या मापानं दोन खिळे ठोकलेत, दोन्हीकडून चार बोटं जागा सोडलीत आणि अख्खं घर त्या मापात बांधलंत.

पलंग बसवल्यावर मला बोलावलंत. मी आडवी होऊन बघितलं. एकट्या माणसाचा पलंग होता तो, तोही सडपातळ माणसाचा. मी विचारलं, मी कुठं, टपावर? तुम्ही गंभीरपणे म्हणालात, दोघांनी आळीपाळीनं श्वास घेतला की मावतं.

मग चैत्रात मी ती दोरी वाळवणासाठी त्याच दोन खिळ्यांना बांधायला गेले, तर ती मधे ही एवढी लोंबायला लागली. सुकून चांगली वीतभर लांब झाली होती. धोंडीभाऊ आले, दोरीकडे बघितलं, खिळ्यांकडे बघितलं आणि मटकन खाली बसले. "वली दोरी मोजायची नसती," ते म्हणाले, "हे आमच्या बैलालाबी ठावं हाय." जन्मभर दोरखंडं वळलेला माणूस. पावसात दोरी आखडते हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच, पण तुमच्याबरोबर मोटारीतला इंग्रजी कारागीर झाल्यावर बैलाचं ज्ञान आठवायला वेळ कुणाला होता. तुम्ही हसून हसून पोट धरलंत. म्हणालात, पावसानं दोरी आखडली आणि आपला संसार अरुंद झाला. मी मात्र हट्टच धरला, की घर रुंद करा, नाहीतर मी येत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी एक बाजू उसवायला घेतलीत. एका शब्दानं कुरकुरला नाहीत.

किती सुंदर केलंत हो ते घर. टपावर पाण्याचं पिंप आणि आत पितळी तोटी. कप टांगायच्या आकड्यांना तुम्ही असा बाक दिलात, की गाडी कितीही हादरली तरी कप निसटत नाही. खिडक्यांवर इवल्या वळचणी, मावळातला माणूस ना. पहिल्यांदा कार्ल्याच्या रस्त्यानं मला फिरवून आणलंत, तेव्हा मी आत बसले होते. झाडं मागे चालली होती, डोंगर हळूहळू वळत होता आणि माझं घर जागच्या जागी होतं, माझी पळी आकड्याला, माझं लुगडं दोरीवर. बाहेर एक गुराखी काठी खांद्यावर घेऊन तोंड उघडं टाकून बघत होता. मीही आतून तशीच बघत होते. हे माझ्या नवऱ्यानं केलंय, भंगारातून. मला तुमच्याबद्दल इतकं काही वाटलं त्या वेळी, आणि मी तोंडानं काय म्हटलं? तोटी गळतेय म्हटलं.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते. घर रुंद झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी म्हटलं, शेगडीची जागा चुकली, वारा लागतो. तुम्ही ती हलवलीत. मग म्हटलं, मुलींच्या परीक्षा आहेत. मग म्हटलं, खिडकीला जाळी हवी, खाडीवर डास असतात. तीन हिवाळे असे गेले. अहो, शेगडी उत्तम होती. डासांचं मला काही नव्हतं. मला त्या पाण्याचं भय होतं. लहानपणी इंदुरीला भरल्या इंद्रायणीत माझा पाय घसरला आणि आईनं माझी वेणी धरून मला बाहेर काढलं. तेव्हापासून मी विहिरीत वाकून बघितलेलं नाही. घाटाच्या कड्यावर मी अगदी टोकाला उभी राहते, विंचू चपलेनं मारते, शाळा तपासायला आलेल्या साहेबाला तोंडावर उत्तर देते. ही बाई कशालाच भीत नाही, असं तुम्ही चारचौघांत कौतुकानं सांगायचा. ते कौतुक मला सोडवेना. म्हणून मी शेगडी हलवत राहिले, आणि तुम्ही हलवून देत राहिलात. मला वाटायचं, किती सोसतो हा माणूस माझं.

एवढं लिहून झालं आणि काल, गुरुवारी, पांडू तांडेल आले. तुम्ही गेल्याचं कळलं म्हणून, मिठाच्या लॉरीतून घाट चढून, खास तुमच्यासाठी. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. उंच, वाळलेले, बोलायला सावकाश. ओसरीवर बसले, पाणी घेतलं आणि म्हणाले, मिस्त्री फार भला माणूस, सात वेळा माझ्या सांगडीपाशी आला. मी म्हटलं, तुमची चूक होतेय, आमची गाडी अजून घाट उतरलेली नाही. ते म्हणाले, गाडी नाही, मिस्त्री एकटे.

तुम्ही अधूनमधून खोपोलीला सुटे भाग आणायला जायचात ना? आल्यावर चेहरा उतरलेला आणि सदऱ्याला खारट वास. मी काय काय म्हणाले तुम्हाला! एकटे एकटे सुकट खाऊन येता, घरी आणत नाही. तर पुढच्या वेळी पुडीभर सुकट घेऊन आलात. ती पुडी तांडेलांच्या बायकोनं बांधून दिली होती, हे मला काल कळलं.

त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या खेपेला तुम्ही काठावरच उभे राहिलात आणि तसेच परत गेलात. दुसऱ्या खेपेला सांगडीवर मधोमध बसलात, डोळे गच्च मिटून, आणि पलीकडे पोचेपर्यंत दोनदा ओकलात. तांडेलांनी विचारलं, मिस्त्री, कामही नाही तर हा छळ कशाला? तुम्ही म्हणालात, सवय करतोय. पुढच्या प्रत्येक खेपेला डोळे थोडे थोडे उघडत गेलात. सातव्या खेपेला, या दसऱ्याआधी, उभे राहिलात, डोळे उघडे ठेवून, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. उतरलात तेव्हा चेहरा धुतल्यासारखा झाला होता, असं तांडेल म्हणाले. आणि तुमचे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले.

"आता जमलं. आता तिला आणतो. ती कशाला म्हणून भीत नाही हो, मला तिच्यापुढं हसं करून घ्यायचं नव्हतं."

मी उठून आत गेले. तुमच्यावर रागावू की काय करू, मला कळेना. चुलीवर तांडेलांसाठी भात चढवला, ते बिचारे बाहेर. माझा नवरा, ज्यानं घाटात ब्रेक सुटलेल्या मोटारीपुढं दगड घेऊन उडी घेतली होती, तो पाण्याला भ्यायचा. आणि माझ्यासाठी, जी कशाला भीत नाही असं त्याला वाटत होतं तिच्यासाठी, सात वेळा त्या पाण्याकडे गेला. मी मोठमोठ्या शूरांचे धडे शिकवलेत मुलींना. असा धडा माझ्याकडे एकही नाही. म्हणूनच का तुम्ही शेगडी हलवताना कधी कुरकुरला नाहीत? मी एक निमित्त काढायचे आणि तुम्हाला एक खेप मिळायची. देवा.

तांडेलांना जेवायला घातलं. निघताना ते एवढंच म्हणाले, की येत्या बुधवारी सकाळी भरती चांगली आहे.

शनिवारी गिऱ्हाईक आलं, भाऊजींबरोबर. गाडी बघून तो माणूस अगदी चाट पडला, सारखा आकडे हलवून बघत होता. मी चहा दिला आणि सांगितलं की गाडी फिरायला निघालीय, विकायची नाही. भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, जेमतेम महिना झाला आणि हिंडायला निघालात, लोक तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, घालू देत. धोंडीभाऊंना विचारलं, नेता का? ते हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, न्हाई इचारलं असतं तर मी रुसलो असतो." त्यांची मालकीण सरूबाई टाकव्याहून भाकरी-ठेचा बांधून हजर झाली. तिनं गाडीत शिरून सगळीकडे हात फिरवला आणि तोटी उघडून पाणी आलं तेव्हा तोटीला नमस्कार केला.

मंगळवारी घाट उतरलो. धोंडीभाऊंनी तुमच्यासारखंच दर वळणाला थांबून चाकांना हात लावून बघितलं. पेणला मुक्काम केला. बुधवारी उजाडताना धरमतरला आलो, आणि हे पुढचं मी खाडीच्या पलीकडे, रेतीत गाडी उभी करून लिहितेय.

गाडी खुंट्यांमधून गेली, अहो. दोन्हीकडून चार चार बोटं राखून, तुम्ही म्हणाला होतात तशी. तांडेलांनी इंजिन बंद करायला लावलं आणि आम्हाला खाली फळ्यांवर उभं केलं. दोर सुटला. काठ निघून गेला, आवाज न करता. मी खुंट्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. खाली पाणी सरकत होतं, हिरवं, जाड, आणि त्यावर आपलं घर उभं होतं, वळचणी, पडदे, पिंप, सगळ्यासकट, ऊन अंगावर घेत. मधोमध आलो तेव्हा मागचा काठ बारीक झाला होता आणि पुढचा अजून कामाचा नव्हता. उजवीकडे खाडी उघडत गेली, आणखी उघडत गेली, आणि मग नुसतं आभाळ आणि पाणी. एवढं मोठं काही असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नकाशात ते बोटभर होतं. मला हात जोडायचे होते, पण खुंटा सुटेना.

मग जे तुम्हाला एवढ्या वर्षांत बोलले नाही, ते मी धोंडीभाऊंना बोलले. म्हटलं, "भाऊ, मला फार भीती वाटतेय."

ते माझ्याकडे वळले. वाघराचा माग काढणाऱ्या माणसाच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"मला बी, वहिनी," ते म्हणाले. "लय. सरका हितं, संगट धरू."

सरूबाईनं माझा दंड घट्ट धरला. आम्ही तिघं त्या एका खुंट्याला लगटून उभे राहिलो. तांडेल मागून बघत होते, हसले नाहीत. भीती गेली नाही हो, तेवढीच राहिली. पण मी मान वर केली आणि सगळं बघितलं, पलीकडच्या काठाला सांगड टेकेपर्यंत.

एवढंच करायचं होतं. मी एकदा म्हणायला हवं होतं, मला भीती वाटते. तुम्ही म्हणाला असतात, मलाही. आणि तीन वर्षांपूर्वीच आपण दोघं इथं भीत भीत उभे असतो.